करारावरचा सेंटर फॉरवर्ड

२२ डिसेंबर १९५८, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. पुढं मोठा झालो की सुरुवातीचे दिवस कसे होते ते आठवायला बरं.

इंटरच्या वर्षात कॉलेज सोडून दोनेक महिन्यांमागं हैदराबादहून अणदूरला आलो, त्याबद्दल गावात काय बोलतात ते मला ठाऊक आहे. खरी गोष्ट एवढीच की कॉलेजचं मैदान मला लहान पडत होतं. आमची शेवटची मॅच बघायला हबीब साहेब आले होते. मोठ्या टीमसाठी पोरं हेरणारा माणूस. मॅच संपल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पाँव तो अच्छा है मियाँ. असा माणूस उगाच बोलत नाही. बोलावणं येणारच. ट्रंक भरून ठेवली आहे.

वडिलांचं किराणा दुकान आहे. अप्पा म्हणाले, बोलावणं येईस्तोवर गूळ तरी तोल.

निश्चय: रोज पहाटे पाचला उठून नळदुर्गच्या रस्त्यानं पळायचं. चिडायचं नाही.

२३ डिसेंबर

साडेसातला उठलो. थंडीत पायाच्या शिरा आखडतात. अप्पांना हे कोण सांगणार.

२७ डिसेंबर, दुपार

दुकानात बूट घालून बसतोय, सवय राहावी म्हणून. अख्ख्या अणदुरात फुटबॉलचे बूट माझ्याकडंच. बाकीचे अनवाणी खेळतात. मार्तंड गुरुजी हिंग न्यायला आला. शाळेत मास्तर, गावच्या टीमचा कॅप्टन. बुटांकडं बघून म्हणाला, का रे कल्याणप्पा, दुकानात चिखल झालाय व्हय.

प्रोफेशनल माणसानं राग गिळावा. तो गेल्यावर पारडं आपटलं, पण ते तो गेल्यावर.

संध्याकाळी मागं पोती लावताना ऐकलं, अप्पा एका गिऱ्हाइकाला सांगत होते, हैदराबादचा मोठा सायब म्हणाला म्हणं, पाँव अच्छा है. माझ्यासमोर कधी बोलले नाहीत. मी पोती नीट लावली.

२ जानेवारी १९५९

नळदुर्गला शांताक्काकडं आलो. ही माझी आत्या. घरी सांगितलं, देवाला जातो. ते खोटं न्हाय, खंडोबा सध्या नळदुर्गलाच आहे. पण मुख्य कारण शेजारच्या घरची महानंदा. मागच्या खेपेला माझा चेंडू त्यांच्या अंगणात गेला, तेव्हा तिनं तो उचलून परत फेकला होता. कुठंही फेकता आला असता. नेमका माझ्या हातात फेकला. समजायचं ते मी समजलो.

आज पुन्हा चेंडू त्यांच्या अंगणात मारला. तिच्या आजीनं आणून दिला आणि कन्नडमध्ये काहीतरी बोलली. शांताक्काला अर्थ विचारला तर म्हणाली, नको ऐकूस.

५ जानेवारी

ठरलं. जत्रेच्या आदल्या दिवशी किल्ल्याखालच्या मैदानावर अणदूर विरुद्ध नळदुर्ग. हबीब साहेबांना यायची विनंती केली आहे. शांतलिंगलाही कळवलं. हा हॉस्टेलात माझ्या खोलीत होता, आमचा गोलकीपर. जळकोटचा असल्यानं जत्रेला येतोच. त्याला हैदराबादेत एका खात्याच्या टीमनं घेतलं. म्हणजे दिवसभर फायली लावायच्या आणि संध्याकाळी गोलात उभं राहायचं. कॉलेजच्या पोरांना एवढंच मिळतं म्हणे, तेही दहांतून एकाला. याला मी प्रोफेशनल म्हणत नाही, कारकुनी म्हणतो. मला नुसता खेळ पाहिजे. कलकत्त्याला तशी सोय असते असं ऐकलंय.

महानंदाला कलकत्ता मानवेल का, हा विचार करायला पाहिजे. मासे खाणाऱ्यांचं गाव.

१० जानेवारी

अणदूरला जाऊन आलो. मार्तंड गुरुजीनं टीम सांगितली. सेंटर फॉरवर्ड वीरप्पा. तो अजून पायाच्या अंगठ्यानं बॉल मारतो. मला कडेला राइट आउट. का म्हणून विचारलं तर सगळ्यांसमोर म्हणाला, तू बॉल कुणाला देत न्हाईस, कडेला असलास म्हणजे नुकसान कडेलाच होईल.

मी शांतपणे निघून आलो. वाटेत कुंपणाची एक काठी मोडली, ती आधीच तडकलेली होती.

१२ जानेवारी

नळदुर्गचा कॅप्टन गोपाळकृष्ण, पोस्टातला कारकून, शांताक्काकडं आला. त्यांचा सेंटर फॉरवर्ड तापानं पडलाय. म्हणाला, आमच्याकडून खेळतोस का, नारळ देऊ, फेटा बांधू.

आधी मन कचरलं. मग लख्खकन उमगलं. आपला खंडोबा वर्षातले दहा महिने अणदूरला असतो आणि उरलेले दिवस नळदुर्गला. मूर्ती एक, देवळं दोन. दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात आणि देव पालखीत बसून जातो. देवाला कुणी फितूर म्हणतं का? खेळाडूचंही तसंच. ज्याच्याशी करार, त्याच्याकडून खेळ. हे आपल्या भागात शेकडो वर्षं चालू आहे आणि कलकत्तावाले समजतात त्यांनीच काढलं.

गोपाळकृष्णकडून लेखी घेतलं. तो हसत होता, पण सही केली. म्हणजे आजपासून मी प्रोफेशनल.

१४ जानेवारी, संक्रांत

अणदूरला गेलो होतो. सकाळपासून तिळगूळ द्यायला एकही पोरगा आला नाही. मार्तंड गुरुजी रस्त्यात भेटला, मान फिरवली. देवाचा दाखला अप्पांना समजावून सांगितला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाले, देव जातो तेव्हा गावाला विचारून जातो.

जुन्या माणसांना करार कळत नाहीत. येताना ट्रंक इकडं घेऊन आलो.

१९ जानेवारी

प्रॅक्टिस जोरात. म्हणजे आज बूट चावला म्हणून बसून होतो, पण सूचना दिल्या. नळदुर्गच्या पोरांना म्हणालो, बॉल मिळाला की मला द्या, दुसरा विचार करू नका. एकानं विचारलं, आणि तुम्हाला मिळाल्यावर? चांगला प्रश्न होता. महानंदा तेवढ्यात पाण्याला गेली, म्हणून उत्तर राहिलं.

२२ जानेवारी

हबीब साहेब येत नाहीत. शांतलिंग आलाय, तोच रेफ्री. काही हरकत नाही, तो साहेबांना जाऊन सांगेलच.

उद्या डोकं थंड ठेवायचं. हे दोनदा लिहितो. डोकं थंड ठेवायचं.

२३ जानेवारी, संध्याकाळ

मॅच झाली. उद्या लिहीन.

२४ जानेवारी, जत्रा

अंग दुखतंय. देवाला गेलो नाही. शांताक्काच्या घरावर, माळवदावर बसून आहे.

२५ जानेवारी

लिहायलाच पाहिजे.

पहिल्या हाफमध्ये बॉल सतत माझ्याकडंच होता. गोल झाला नाही, तो भाग निराळा. गोपाळकृष्ण दोनदा मोकळा उभा होता, हात वर करून ओरडत होता. मला वाटलं उत्तेजन देतोय.

दुसऱ्या हाफमध्ये दोन्हीकडून येळकोट येळकोट सुरू झालं. एकच देव, त्यामुळं घोषणाही एकच. कोण कुणासाठी ओरडतंय कळेना. तेवढ्यात आमच्या गल्लीतली अयोध्याबाई, जिनं मला लहानपणी कडेवर खेळवलं, ती कडेला उभी राहून म्हणाली, अरं कल्याण्या, देव जत्रा झाली की घरी येतोय, तू कवा येनार रं?

सगळं मैदान हसलं. अप्पाही आले होते. दुकान बंद करून आले होते. ते हसले नाहीत, खाली बघत होते. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात काय झालं मला सांगता येणार नाही. बॉल पायात होता. गर्रकन फिरलो आणि नळदुर्गच्याच गोलात हाणला. आमचा, म्हणजे त्या दिवशी माझाच, गोलकीपर बघत राहिला. आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला शॉट तो.

मला वाटलं होतं अणदूरची पोरं धावत येऊन उचलून घेतील. कुणी आलं नाही. मार्तंड गुरुजी म्हणाला, असला गोल आम्हाला नको. गोपाळकृष्णनं माझ्या डोक्याचा फेटा काढून घेतला, अगदी सावकाश, गुंडाळत गुंडाळत. शांतलिंगनं शिट्टी वाजवून मला बाहेर काढलं. मी बूट काढून त्याला फेकून मारला. लागला.

त्यानं बूट उचलला, झटकला, मला आणून दिला. कल्याण, हबीब साहेब काय म्हणाले ते पण विसरलास व्हय, म्हणाला. अप्पा जवळ येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, काय म्हणाले होते? शांतलिंग सरळ माणूस. त्याला वाटलं घरी सगळं माहीत असेल. कॉलेजच्या शेवटच्या मॅचलाही मी कॅप्टनची पेनल्टी हिसकावून मारली, चुकवली आणि रेफ्रीच्या अंगावर गेलो, तेव्हाचं वाक्य त्यानं जसंच्या तसं सांगितलं. पाँव तो अच्छा है मियाँ, लेकिन ये दस जनों के साथ का खेल है, तुमकू अकेले खेलना है. घरकू जाव.

अप्पा बरं म्हणाले. तीन महिने गिऱ्हाइकांना ते वाक्य अर्धं सांगत होते, कारण मी अर्धंच दिलं होतं.

सगळे अणदूरला गेले. मी गेलो नाही.

२६ जानेवारी

चेंडू त्या दिवशी मैदानावरच राहिला होता. आज दुपारी महानंदा घेऊन आली. एकटीच. मी उठून उभा राहिलो. कलकत्त्याचं, सगळंच सांगून टाकावं असं वाटलं.

तिनं चेंडू उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, अण्णा, एक विचारू? तुम्ही नक्की कोणत्या गावचे?

चेष्टा नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं.

अण्णा म्हणाली हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२८ जानेवारी

काल देव अणदूरला गेला. मानकऱ्यांच्या सह्या झाल्या, पालखी निघाली, न्यायला सगळं अणदूर आलं होतं. मी माळवदावरून बघितलं. मागच्या बाजूनं.

आज सकाळी दारात बैलगाडी थांबली. अप्पा एकटेच. शांताक्कानं चहा दिला, तो प्याले. मला म्हणाले, ट्रंक घे. मी विचारलं, कॉलेजात परत घेतील का, जाऊन विचारू का. म्हणाले, जूनपर्यंत दुकान, मग दोघं जाऊन विचारू.

गाव मागं पडल्यावर मी म्हणालो, अप्पा, तुम्ही कशाला आलात, मी आलो असतो. ते म्हणाले, देवाला आणायला सगळा गाव आला. तुला कुणी आणायचं?

मग कासरा माझ्या हातात दिला आणि मागं आडवे झाले. चेंडू उशाला घेतला. हवा बरीच गेली होती त्यातली, त्यामुळं बरोबर बसला.

बैल मात्र माझं ऐकत नव्हते. दोघांना बरोबर चालवायला अणदूरपर्यंतचा रस्ता लागला.