कप नंबर दोनला अठ्ठावन्न

३ जून, सकाळ
दूध कालच बंद केलं. आजपासून दुकानात साखरही बंद. कॉफीचा शोध म्हणे शेळ्यांनी लावला. आमच्या गिऱ्हाइकांना तो अजून लागायचाय. एका बाईंनी साखर मागितली. त्यांना बिया कुठल्या डोंगरावरच्या, किती उंचीवरच्या, सगळं समजावलं. उठून गेल्या. पीडा टळली!

९ जून
गिऱ्हाईक एक. तोही पत्ता विचारायला आलेला. हाकलला.
गाळा बायकोच्या नावावर. ती म्हणते, महिनाअखेर हॉटेलला कॉफी पुरवायची ऑर्डर मिळाली नाही, तर गाळा शिंप्याला देणार आणि मी गुमान जुन्या नोकरीवर जायचं. मिळणारच ऑर्डर! समोर आहे कोण? साडू. कालपर्यंत टायर विकत होता, आता कॉफी भाजतो. टायरच भाजत असणार.

१७ जून
हॉटेलच्या शेफने नियम कळवले. चाखणारे तिघं: तो, साडू, मी. दोन कॉफ्या. कुठली कोणाची ते झाकलेलं, कपावर फक्त नंबर. शंभरपैकी मार्क, तिघांची बेरीज.
साडू म्हणाला, आपल्याच मालाला आपण मार्क देणं बरं दिसत नाही, आपण दोघं नकोच बसायला. घाबरला लेकाचा! शेफशी भांडून दोघांनाही बसवलं.

२४ जून, दुपारी ३
आत्ताच आलो. चमच्याने जोरात फुरका मारायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा. एक नंबर पहिल्याच फुरक्याला ओळखली. माझी! फुलं, मध, सगळं हजर. ९२ दिले.
दोन नंबरला भिजल्या गोणपाटाचा वास. ५८. शेरा मारला, 'भाजणाऱ्याने दुसरा धंदा बघावा.' साडूकडे बघून हसलोसुद्धा.

२५ जून
नंबर उघडले. दोन नंबर माझी.
शेफने मला ८७ दिले होते, साडूला ८५. साडूने स्वतःला ८४ आणि मला ८९! मुद्दाम केलं असणार, मला लाजवायला. ऑर्डर त्यालाच.
शेफने विचारलं, काही बोलायचंय का. म्हटलं, दोन नंबरचा कप नीट धुतलेला नव्हता.

३० जून
शिंपी गाळ्याची मापं घेऊन गेला. उद्या नऊला जुन्या नोकरीवर हजर व्हायचंय.
बायको म्हणाली, त्या दिवशी तू घरी लोळत पडला असतास, तरी ऑर्डर आपलीच होती. असा संताप आला! कागद घेतला, माझे मार्क वगळून दोनदा बेरीज केली.
बरोबर आहे तिचं.