चाळीस हजार माणसांचं गाव

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि मुलं मजेत असाल. मी बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण नगरपालिकेचे दोन जिने अजून एका दमात चढते. पत्ता वहिनीकडून घेतला. तिला काही बोलू नकोस, मीच पिच्छा पुरवला. फोन मुद्दाम करत नाही. मागे वहिनीने तुझ्या हातात फोन दिला होता, तेव्हा तू तीनदा ‘हं’ म्हणालास आणि परत तिच्याकडे दिलास. पत्राला तू ‘हं’ म्हणालास तरी मला ऐकू तर येणार नाही.

लिहायला निमित्त असं, की आपलं गाव शहर व्हायला निघालंय. सरकारच्या लेखी आपण अजून अठरा हजार माणसं आहोत, कारण शेवटची मोजणी बारा वर्षांपूर्वीची. त्यामुळे आपण तिसऱ्या श्रेणीत, आणि तिसऱ्या श्रेणीला मिळतं तेवढंच मिळतं : एक दवाखाना, त्यात एक नर्स, एक आगीचा बंब आणि तू टाकलेली ती पाण्याची लाइन. आता राजधानीतून पत्र आलंय, की ज्यांना आपण वाढलोय असं वाटतं त्यांनी दुसऱ्या श्रेणीसाठी अर्ज करावा. समिती येऊन बघेल आणि पटलं तर अनुदान वाढवेल.

आपल्या नगराध्यक्षा आता नवीन आहेत. आयुष्यभर शाळेत खेळ शिकवले, निवृत्त झाल्या आणि निवडून आल्या. सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात. त्यांनाही ते माहीत आहे. पत्र आलं त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात उंचीनुसार उभं करायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हणाल्या, आपण केलेली मोजणी सरकार धरत नाही, तर सरकार जे धरतं ते मोजून दाखवू.

मग काय, सगळं गाव मोजायला लागलं. जन्ममृत्यूवाल्या काकांनी वह्या काढल्या. त्यांना पूर्वी एक वही तीन वर्षं पुरायची, आता वर्षाला दोन लागतात. तुझी भाची शाळेत शिक्षिका झालीय, वहिनीने सांगितलं असेलच. तिची शाळा दोन पाळ्यांत भरते आणि तरी तिसरीचा एक वर्ग जिन्याच्या वळणावर बसतो. कुणाला वर जायचं असलं की ती ‘गुडघे’ म्हणते, मग अख्खा वर्ग गुडघे पोटाशी घेतो, माणूस गेला की परत पाढे सुरू. सफाईचा मुकादम तर कचऱ्याच्या गाड्या रोज वजनकाट्यावर नेतोय. त्याचं म्हणणं असं, की घरात माणसं किती असं विचारलं तर लोक सोय बघून सांगतात. रेशनला पाहुणे धरतात आणि कर म्हटला की आजोबांनाही वगळतात. कचरा मात्र सगळ्यांचा येतो.

माझ्या वाट्याला पाणी आलंय. म्हणून तुला एक शंका विचारायची होती. नव्या वसाहतीतल्या शेवटच्या नळाला पाणी पोचवायचं, तर मुख्य लाइन किती इंची हवी? आत्ता सहा इंची आहे. इथले अभियंता साहेब तरुण आहेत, हुशार आहेत, पण विचारलं की ‘बघतो’ म्हणतात. तुला तोंडपाठ असेल.

जुन्या गोष्टी काढायच्या नाहीत असं ठरवून लिहायला बसले होते, त्यामुळे इथेच थांबते. रेकॉर्डच्या खोलीतली सगळी कपाटं उपसून झालीत. माझं लोखंडी कपाट तेवढं राहिलंय. त्याची किल्ली जरा अडते.

तुझी,
धाकटी


३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. सगळे बरे असाल. तुझं उत्तर आलं नाही, शंकेचंसुद्धा नाही. त्यात तुझं काही चुकलं असं मला वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

समिती मंगळवारी येऊन गेली. तिघं होते. एक चष्मेवाले गृहस्थ, ते प्रमुख. एक बाई सगळं टिपून घेत होत्या. तिसरे दिवसभर एक शब्द बोलले नाहीत, फक्त प्रत्येक नळ सोडून बघत होते. शिट्टीबाईंनी त्यांना सकाळी सातलाच चालायला लावलं. शाळेत नेलं तेव्हा जिन्याच्या वळणावर तुझ्या भाचीने ‘गुडघे’ म्हटलं आणि चाळीस पोरांनी समितीला वाट करून दिली. टिपणाऱ्या बाई वर जाऊन परत खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. मला वाटतं त्यांना ते आवडलं होतं. दवाखान्यात नर्सला पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं. तिने इंजेक्शनं देता देता पाच मिनिटं बोलून दाखवलं. नव्या वसाहतीत तर काही सांगावंच लागलं नाही. न बोलणाऱ्या गृहस्थांनी नळ सोडला, नळ खोकला, आणि एवढंच.

दुपारी सभागृहात बैठक बसली. आकडे वाचले गेले. वह्या, हजेरी, कचरा, नळजोडण्या, सगळ्यांचं गणित एकेचाळीस हजारांच्या आसपास येत होतं. मी मनात म्हटलं, झालं आपलं काम. तेवढ्यात चष्मेवाल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ते म्हणाले, “वाढलेली गावं मी महिन्याभरात अकरा बघितली. पैसे मिळतील तिघांना. तुम्ही वाढलात, मान्य. पण तुमच्या नगरपालिकेला हे येताना दिसलं होतं का? की वाढल्यावर जाग आली? दिसलं होतं, असा एखादा कागद दाखवा.”

शिट्टीबाईंनी आमच्याकडे पाहिलं. अभियंता साहेबांनी छताकडे पाहिलं. कुणाकडे काही नव्हतं. चष्मेवाले कागद गोळा करायला लागले.

दादा, आता ठरवलेलं मोडते. तो कागद माझ्याकडे होता, हे तुला मी सांगायची गरज नाही. तुला सहा वर्षं संशय असेल. मी फक्त तो संशय खरा आहे असं सांगतेय.

अकरा वर्षांपूर्वी तू चार पानांचं टिपण माझ्या टेबलावर ठेवलंस. आवक वहीत नंबर घालण्यासाठी मी पेन उघडलं होतं. तेव्हाचे अध्यक्ष बाहेर आले आणि म्हणाले, याला आत्ता नंबर नको घालू, मोठी लाइन मागितली तर मंजुरीला वर्ष जाईल, आधी लहान लाइन होऊ दे, मग बघू. मी रोजंदारीवर होते. ते म्हणाले तसं केलं. टिपण कपाटात कोऱ्या वह्यांच्या खाली ठेवलं, ‘मग’ आलं की काढू म्हणून. ते ‘मग’ कधी आलंच नाही.

पुढचं तुला माहीत आहे. पाच वर्षांनी नव्या वसाहतीला अकरा दिवस पाणी मिळालं नाही, लोकांनी ऑफिस डोक्यावर घेतलं, चौकशी बसली. तू उभा राहून म्हणालास, मी लेखी कळवलं होतं. त्यांनी आवक वही मागवली, वहीत नोंद नव्हती. मग तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, “मी तुझ्या हातात दिलं होतं ना गं?”

मी म्हणाले, आठवत नाही.

तेव्हा माझे कायम होण्याचे कागद अध्यक्षांच्या टेबलावर होते. मुलीचे बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि तिला कॉलेजात घालायचं होतं. ही कारणं खरी आहेत, पण आज ती लिहिताना मला बरं वाटत नाहीय. महिन्याभरात मी कायम झाले आणि तू गाव सोडलंस. शंकेचंही सांगते. किती इंची लाइन हवी ते मला विचारायचंच नव्हतं. दहा इंची. तुझ्या टिपणात दुसऱ्या पानावर आहे. मला फक्त तुला पत्र लिहायचं होतं आणि दुसरं काही सुचेना.

तर मंगळवारी मी उठले. रेकॉर्डच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं, टिपण काढलं आणि सभागृहात आणून चष्मेवाल्यांच्या पुढे ठेवलं. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि शेजारच्या बाईंकडे सरकवलं. त्यात तू लिहिलंयस, ‘गाव येत्या दहा-बारा वर्षांत चाळीस हजारांवर जाईल.’ बाईंनी आमचा आकडा आणि तुझा आकडा एकाखाली एक लिहिला. दिवसभर न बोललेले गृहस्थ पहिल्यांदा बोलले. म्हणाले, “हा माणूस कोण?”

“माझा भाऊ,” मी म्हटलं. “इथे अभियंता होता.”

चष्मेवाल्यांनी विचारलं, यावर आवक नंबर का नाही? खोटं सांगायला सोपं होतं. कुणी तपासलंही नसतं. पण मी सगळं सांगितलं, अध्यक्षांचं, माझं, चौकशीत काय बोलले तेही. शिट्टीबाईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, खेळात हरलेल्या पोरीच्या मागे राहतात तशा.

निकाल महिन्याभरात कळेल. मला खुलासा द्यायला सांगितलंय, ते बरोबरच आहे. घरी आल्यावर मुलीला सांगितलं. ती म्हणाली, आई, मामाला आधी लिही, खुलासा नंतर. म्हणून हे आधी.

माफ कर असं लिहिणार होते. ते कागदावर फार लहान दिसतं.

तुझी,
धाकटी


२१ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. नमस्कार नाही, सही नाही, फक्त ‘चौथ्या पानावर टाकीची उंची चुकली आहे. बारा नव्हे, पंधरा मीटर. दुरुस्त करून घेणे.’ मी ते उभ्या उभ्या सहा वेळा वाचलं. मग ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. शिट्टीबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची शोधावी लागली. अभियंता साहेबांनी तिथल्या तिथे गणित केलं आणि म्हणाले, पंधराच. या वेळी ‘बघतो’ म्हणाले नाहीत.

आता बातमी. आपण दुसऱ्या श्रेणीत गेलो. अकरातली तीन गावं निवडली, त्यात आपलं पहिलं. दहा इंची लाइन, पंधरा मीटरची टाकी, शाळेला वरचा मजला, दवाखान्यात आणखी तीन नर्सेस. पत्र वाचून झाल्यावर मुकादमाने कचऱ्याच्या गाडीचा भोंगा अर्धा तास वाजवत ठेवला. लोक कचरा घेऊन बाहेर आले आणि बातमी घेऊन आत गेले. तिसरीच्या पोरांना मात्र वाईट वाटलंय. त्यांना जिनाच हवा आहे.

माझी एक वेतनवाढ रोखली. तो आदेश माझ्याच टेबलावर आला, मीच त्याला नंबर घातला आणि मलाच पोच दिली. काकांना वाटलं मी रडेन, पण मला त्या दिवशी व्यवस्थित भूक लागली होती. आणि मागच्या सोमवारच्या सभेत ठराव झाला : त्या वेळच्या चौकशीचा निष्कर्ष चुकीचा होता, अभियंत्याने वेळेत लेखी कळवलं होतं, हे रेकॉर्डवर घ्यावं. एकमताने. प्रत सोबत जोडली आहे. शिक्का जरा तिरका उमटलाय.

लाइनचं खोदकाम गुरुवारी सुरू होतंय. तुला सल्ल्यासाठी बोलावणारं पत्र नगरपालिकेने वेगळं पाठवलंय, त्यात मी एक शब्दही घातलेला नाही. काल वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, तू काही बोलत नाहीस, पण माळ्यावरून मोजायची टेप काढून पुसून ठेवलीयस. मी तिला काही विचारलं नाही. फोन ठेवला आणि वरची खोली झाडून घेतली.

आलास तर कुठे उतरायचं ते तू ठरव. माझ्याकडे नाही उतरलास तरी मी मनाला लावून घेणार नाही. त्या कार्डावरून तू मला माफ केलंस असंही मी धरून चाललेले नाही; टाकीची उंची ती टाकीची उंची. फक्त एक मागते. गुरुवारी खोदकामाच्या जागी नगरपालिकेची माणसं असतील, नव्या वसाहतीतले लोकही असतील, त्या वेळी ओरडणारे बरेचसे तेच आहेत. आधी घरी भेटायचं नाही. मला तुझ्याशी पहिल्यांदा तिथेच बोलायचंय, त्यांच्यासमोर, मोठ्याने. मी ‘आठवत नाही’ म्हणाले होते तेही लोकांसमोरच.

त्यानंतर तू काय म्हणशील ते म्हण. मी तिथे उभी असेन.

तुझी बहीण