बेटमायजवळ पाच दिवस

॥ श्री ॥
सोमवार, १८ डिसेंबर २०२३

आणलेलं सामान: ताडपत्री एक, जुनी, ३२० रुपये. पाण्याची कॅन १४०. सुतळी ३०. तांदूळ, डाळ, मीठ, तिखट, पणतीचं तेल घरचंच. डोंगीचे जाण्यायेण्याचे बुधरामने तीनशे सांगितले, दोनशेवर आणले. चुलीचे तीन दगड बेटावरच मिळाले, फुकट.

पोचलो एकदाचे! करडी गावाच्या पुढे हा तलाव, मधोमध झाडीने भरलेलं बेट, आणि झाडीच्या तोंडाशी बेटमायचा शेंदऱ्या दगड. मागच्या वर्षी मालकांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नळ्या लावल्या, तेव्हा मी बोलले होते की माय, यांना उठव, पाच दिवस तुझ्या पायाशी उघड्यावर राहीन. माय पावली. आता मालक भंडाऱ्याला पुन्हा हातमागावर बसतात. नवस फेडायला दोघंच आलो.

डोंगी खोड कोरून केलेली, खेपेला वल्हवणाऱ्याखेरीज एकच माणूस. मला आणताना बुधरामची बायको शकुनबाई काठावरून बजावत होती. झाडीतून कोणीही चुलीपाशी आलं तर आधी नावानं हाक मारजा, ओ दिली तरच पान वाढजा. मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षांत यांचं नाव तोंडून काढलं नाही, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं माझी आई सांगायची. आणि मी तर आयुष्य मागायलाच आली. तर म्हणते कशी, "इथं लाजून कसं चालन वो? शहरातल्या बाया, मोठ्या सतीसावित्री!" मालक पोट धरून हसले.

मंगळवार, १९ डिसेंबर

पहाटे तलावात आंघोळ केली, मायला दिवा लावला, हरिपाठ म्हटला. खाली भाताचं तणीस, वर ताडपत्री, झोप छान लागली. पिण्याचं पाणी वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं, गोड आहे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी टोचल्या. डाळभातात राखेचा वास येतो, तरी मालकांनी दोनदा मागून घेतला.

शकुनबाईचा शब्द अगदीच मोडू नये म्हणून, ते लाकडं घेऊन आले की मी विचारते, अवो, तुम्हीच ना? ते म्हणतात, "मी नाही तर कोण, तुझा बाप?" आज चार वेळा विचारलं, चारही वेळा हेच. शेवटी म्हणाले, काहून डोकं खाऊन राहिली.

मोबाइल बंद पडला. आमच्या लेकाचा, भूपेंद्रचा, नंबर त्यातच आहे. असू दे, शुक्रवारी निघायचंच आहे.

बुधवार, २० डिसेंबर

दुपारी मालक कुऱ्हाड घेऊन झाडीत गेले. भात निवला, तरी पत्ता नाही. मग आले, पण झाडीतून नाही, पाण्याकडून. लाकडं नाहीत, कुऱ्हाड नाही, अंगावरचे कपडे ओलेचिंब. मला एवढं हायसं वाटलं की रागावलेसुद्धा नाही. सवयीने विचारलं, अवो, तुम्हीच ना?

हो, म्हणाले.

पान वाढलं. पानाभोवती पाणी फिरवलं नाही, देवाचा घास काढला नाही, मीठ मागितलं नाही. थकले असतील.

गुरुवार, २१ डिसेंबर, सकाळ

मार्गशीर्षातला गुरुवार. डब्याच्या झाकणालाच चौरंग मानून महालक्ष्मी मांडली. ते पूजेकडे पाठ करून बसले.

कालपासून चुलीपाशी आहेत, कपडे वाळत नाहीत. बसतात तिथली माती ओली होते. प्रसाद देताना तळहात पाहिले. चाळीस वर्षं मागावर धोटा फेकून आलेले घट्टे कुठे गेले? हात लहान लेकरासारखे मऊ.

विचारलं, जेवलात का? हो. भूक आहे का? हो. मग दोन्ही कसं? हो.

गुरुवार, दुपार

नाव घेऊन पाहावं. दोनदा तोंड उघडलं. जीभ वळत नाही. खरंच तेच असले, नुसते तापाने असे झाले असले, तर माझ्याच तोंडाने त्यांचं आयुष्य—

मी मायपुढे बसले. ते माझ्याकडे पाहत आहेत. पापणी लवत नाही—

शुक्रवार, २२ डिसेंबर

झिऱ्यावरून परतले तर बुधरामची डोंगी येऊन पुन्हा मध्यावर गेलेली. ते तिच्यात बसलेले. मी ओरडले नाही. खरं लिहिते, मला बरं वाटलं.

बुधराम आता मला न्यायला आला आहे. म्हणतो, म्या विचारलं, बाई मागून येते का, तर हो म्हणाले. एकटे भंडाऱ्याले जाता का, हो म्हणाले. एसटीत बसवून देलं.

मग मी काठावर उभी राहून नाव घेतलं. झाडीकडे तोंड करून, मोठ्याने. टिकाराम.

झाडीतून ओ आली.

बारीक, दमलेली, पण ओ. बुधरामनेही ऐकली. त्याने डोंगी चार हात मागे घेतली, खाली उतरत नाही, बाई बस, बाई बस, करतो. मी कशी बसू? बुधवारपासून हाका मारत असतील— आणि मी इथे दुसऱ्यालाच वाढत—

भूपेंद्र, हे पान फाडून बुधरामच्या हाती देते. तो उद्या मासळी घेऊन भंडाऱ्याला येईल. तोवर ते घरी पोचलेलं असेल. तू बाबा म्हणतोस, सूनबाई मामाजी म्हणते, तृप्ती आजोबा म्हणते. आपल्या घरात त्यांचं नाव घेणारं कोणीच नाही रे— पान वाढू नका. घरात असेल तर तृप्तीला उचलून बाहेर पडा. आणि उंबऱ्याबाहेरून नावानं हाक मार. बापाचं नाव घेतल्याचं पाप मला लागू दे.

मी झाडीत जाते. पुन्हा ओ आली, आता आणखी बारीक—

काय उत्तर आलं ते बुधरामच्या हाती उलट टपाली कळव. नुसतं हो म्हणालं असेल तर—