गोलाचा हॉर्न

टॅरनडूक, व्हिक्टोरिया
७ सप्टेंबर १९८७

प्रिय नोलाताई,

तुझं पत्र आणि फ्रूटकेक दोन्ही पोचले. केक निम्माच म्हण, कारण मी घरी येईपर्यंत तुझ्या भावजयीने, बेरिलने, तो पोरांना वाटून टाकला होता. इकडे सगळे मजेत. मेंढ्यांची लोकर कातरून झाली, गहूही बरा आहे.

मुख्य बातमी अशी की परवा फुटबॉलचा उपांत्य सामना आपण जिंकलो. आता १९ तारखेला अंतिम सामना, आणि तोही आपण जिंकणार. फुशारकी मारत नाही. ही पोरं मी घडवलीत. कुणाचा डावा पाय कच्चा आणि कुणाची जीभ जास्त चालते, सगळं मला पाठ आहे.

मेलबर्नच्या क्लबाने दोन हंगाम राखीव संघात ठेवून घरी पाठवलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "इथे ये, इथे तुला कुणी बाकावर बसवणार नाही." खरंच कुणी बसवलं नाही. चौदा वर्षं खेळलो. गेली सहा वर्षं तर प्रशिक्षकही मीच, मला बसवणार कोण?

गुडघ्याचं विचारलंस. बरा आहे. म्हणजे गाडीतून उतरताना दाराला धरावं लागतं, एवढंच.

परवा शेवटच्या सत्रात चेंडू उंच आला. आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलात हातांनी झेलायचे असले चेंडू मी डोळे मिटून झेललेत. उडी मारली, पण पाय जमीन सोडेनात. आणि आमचा सगळ्यात चपळ गडी, लेनी हॉफनर, तेव्हा बाकावर बसून होता. मीच बसवला होता त्याला. नऊ गुणांनी, म्हणजे जेमतेम दीड गोलाने, कसेबसे वाचलो.

काल क्लबातल्या फळ्यावर अंतिम सामन्यासाठी नावांच्या चकत्या लावत होतो. माझी काढून खिशात टाकली आणि तिथे लेनीची लावली. आमचा अध्यक्ष ट्रेव्हर मागेच उभा होता.

"डोकं फिरलंय का तुझं? तुझा शेवटचा सामना म्हणून तुला खांद्यावरून मिरवत न्यायला माणसं ठरवलीत आम्ही!"

"मग चषक उचला. माझ्यापेक्षा हलका आहे."

तो हसला नाही. म्हणाला, "आणि नोला अ‍ॅडलेडहून येतेय, तिला कोण सांगणार?"

म्हणून हे पत्र. मी खेळणार नाहीये, ताई. फार वाईट वाटतंय. मेंढ्यांच्या शेडमध्ये जाऊन रडलोसुद्धा, बेरिलला सांगू नकोस. पण निर्णय पक्का आहे.

तू मात्र ये. बाबा गाडी लावायचे ती मैदानाच्या कुंपणालगतची जागा तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. गोल झाला की सगळ्या गाड्या हॉर्न वाजवतात, आणि तू इतकी वर्षं फक्त माझ्याच गोलाला वाजवलास. ट्रेव्हरला वाटतं, तुझा हॉर्नच बिघडलाय. या वेळी लेनीने गोल मारला की जोरात वाजव. मी सीमारेषेवर तुझ्याकडे पाठ करून उभा असेन. वळून बघणार नाही, पण तुझा हॉर्न मी ओळखेन.

तुझा, आता नुसताच प्रशिक्षक,
डेस