वरचं सप्तक

मंगळवार, ५ मार्च

तिओंच्या घरच्या पियानोच्या वरच्या पट्ट्या गेल्या. साफ गेल्या. अगदी उजव्या टोकाच्या — दाबलं की नुसतं लाकूड वाजतं, टक् टक्, कुणी नखाने दार ठोकावं तसं. सूर नाहीच. ओल धरू नये म्हणून पियानोच्या पोटात बल्ब लावलेला असतो, तोही वाकून पाहिला. चालू होता. म्हणजे आतल्या हातोड्यांवरचा लोकरीचा नमदा कडक झाला असणार. पिनांग बेटाच्या दमट हवेत माणसांची हाडं धरतात, तिथे पियानोची काय कथा!

शू यिनला म्हटलं, अगं, रोज यावर बसतेस ना, तुला कळलं नाही? ती माझ्याकडे बघत राहिली. मग आईकडे. बारा वर्षांची पोर, एरवी तोंडाला कुलूप नसतं. आज एकदम शहाणी झाली. आई, सिऊ लाय, हात पुसत स्वयंपाकघरातून आली. तिने एक पट्टी दाबली, परत दाबली. "टीचर म्हणतात तर असेल," म्हणाली.

पियानो लावणाऱ्या हेंगला बोलवा, असं सांगून आले. शू यिनच्या आजीने — आ-माने — सोललेलं पपनस डब्यात बांधून दिलं. या घरी मी शिकवायला जाते की जेवायला, देव जाणे.

गुरुवार, १४ मार्च

हेंग येणार होता म्हणून मुद्दाम गेले. मी शिकवायला लागले तेव्हापासून माझ्या सगळ्या घरांचे पियानो हाच लावतो. मला आ-चू म्हणणाराही हा एकटाच. सूर मोजायचं यंत्र वापरत नाही. "यंत्र कुणाला लागतं? ज्याला कान नाहीत त्याला." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याच्या आधी मीच म्हणून टाकते.

खाली वाकला, वरची पट्टी ठोकली, गाल लाकडाला लावला. मी म्हटलं, "लाकूड वाजतंय ना?" त्याने माझ्याकडे पाहिलं. पट्टी परत एकदा ठोकून म्हणाला, "लाकूडच."

बघा! सिऊ लायला म्हटलं, बघा. माझं आणि हेंगचं एकमत होणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. दुपारपर्यंत किल्ली घेऊन तारा पिळत होता, नमदा खरवडत होता. मग आ-माने आम्हा दोघांना पुढ्यात बसवून नूडल्स खायला घातले. माझ्या ताटात मोठा कोळंबा दिसला तसा हेंग म्हणाला, "शिकवणाऱ्याला कोळंबा, राबणाऱ्याला शेपटी." आ-माने निमूटपणे आपला कोळंबा त्याच्या ताटात टाकला. खाली मान घालून खाल्लान.

मंगळवार, १९ मार्च

काही फरक नाही. उलट जास्तच मेल्यात. हेंगला परत बोलवायला सांगितलं. सिऊ लाय "हो हो, बोलवते" म्हणाली. फार गुणी बाई.

मंगळवार, २ एप्रिल

आज भांडण. सहाव्या ग्रेडच्या परीक्षेत वाजवायला तीन तुकडे निवडायचे. एक पक्ष्यांचा आहे — उजवा हात वर जाऊन नुसता चिवचिवाट करतो. परीक्षकाचे डोळे दिपवायला याहून चांगलं काही नाही. शू यिनची बोटं त्यासाठीच घडवलीत! पण बाईसाहेब नाही म्हणतात. तिन्ही तुकडे निवडले ते जाडे, सुस्त, खालच्या अंगाचे. म्हशी डुंबताहेत जशा.

"का पण?"

"मला खालचे सूर आवडतात, टीचर."

"आवडतात! आवडीने परीक्षा होतात का?" आणि मग मी पुष्कळ बोलले. महत्त्वाकांक्षा नाही, अंगचोर झालीस, अमक्यांची मुलगी बघ. पोरीने एक शब्द उलटून बोलू नये? तिचे कान लाल झाले, तरी नाही म्हणजे नाही. आ-मा मागे बसून सुक्या माशांची डोकी मोडत होती.

घरी आल्यावर वाईट वाटलं. फोन नाही केला. टीचरने फोन करून काय म्हणायचं?

मंगळवार, २३ एप्रिल

हेंग तिसऱ्यांदा येऊन गेला. पट्ट्या तशाच. आज शू यिनचे वडील, बून केंग, घरी होते. फार मोजकं बोलणारा माणूस. खुर्चीच्या कडेला बसून म्हणाले, "टीचर, नवाच घेऊ या का?"

म्हटलं, अहो, चांगला पियानो आहे, जरा दम धरा, हेंग ठीक करेल. ते म्हणाले, "बरं." असं शहाणं घर मिळायला नशीब लागतं. दुसऱ्या घरांतून आईबाप दाराआडून ऐकतात आणि तासाभराने मला शिकवायला येतात.

म्हशी मात्र छान डुंबायला लागल्या आहेत. खोटं कशाला बोलू — ती खालच्या सुरांत असं काही बोट टेकवते की मीच विसरून जाते मी रागावलेय ते.

शनिवार, ११ मे

ताप आला. दवाखान्यात नर्सने थर्मामीटर दिलं, काखेत धरून बसले. बसले ती बसलेच. शेवटी समोरची मुलगी म्हणाली, "आंटी, काढा ना ते, कधीचं वाजतंय."

रविवार, १२ मे

तसलंच थर्मामीटर विकत आणलं. काखेत धरलं. मग जिभेखाली. मग कानाला लावून. पडद्यावर आकडा थांबतो. आवाज येत नाही.

सोमवार, २० मे

कान तपासून आले. काचेच्या पेटीत बसवतात, कानांवर मोठ्या टोप्या, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला पटापट दाबलं, मनात म्हटलं, बघ पोरा, कुणाशी गाठ आहे! मग शांतता. मला वाटलं यंत्र बदलत असेल. ताठ बसून राहिले, बोट तयार ठेवून. तो दार उघडून म्हणाला, "आंटी, संपलं."

मग त्याने कागदावर एक रेघ दाखवली, अर्ध्यावरून घसरगुंडीसारखी खाली गेलेली. वयाने होतं म्हणाला. बोलणं कळतं, खालचे आवाज कळतात, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. "आंटी, तुम्ही काम काय करता?"

म्हटलं, निवृत्त आहे.

का खोटं बोलले? त्या परक्या पोरासमोर. पण तोंडातून दुसरं काही निघेना.

तिओंच्या पियानोला काहीच झालेलं नव्हतं. झालंय ते मला. आणि मी तीन-तीनदा दुरुस्ती करायला लावली! आता सांगायला हवं. सांगितलं की संपलं — कान गेलेल्या बाईकडे कोण मुलगी पाठवील, आणि मीच का शिकवू? पण मंगळवारी त्या घरी जायचं नाही, हे मनातही आणवत नाही. सख्खं म्हणावं असं मला दुसरं घर कुठे आहे?

मंगळवार, २१ मे

सांगायला गेले. आ-माने सूप ठेवलं होतं, तापातून उठले म्हणून. काळ्या कोंबडीचं. सूप पिऊन झाल्यावर सांगणार होते. नाही सांगितलं.

मंगळवार, २८ मे

नाही सांगितलं. उद्यावर टाकण्यात मी पहिल्या नंबरात पास.

मंगळवार, ४ जून

सांगितलं.

शू यिनचं वाजवून झालं आणि मी म्हटलं, आईला बोलाव, आ-मालाही. सगळ्या बसल्या. मी पाठ करून गेले होते — पियानो ठीक आहे, दोष माझ्या कानांचा आहे, झाल्या खर्चाची मला लाज वाटते, परीक्षेसाठी दुसरी चांगली टीचर मी स्वतः शोधून देईन. अर्धंच सांगून झालं होतं.

सिऊ लायने माझ्यासमोर पपईची बशी सरकवली. म्हणाली, "टीचर, आम्हाला माहीत आहे."

"कधीपासून?"

शू यिन म्हणाली, "मागच्या चिनी नवीन वर्षाच्याही आधीपासून. मी वर चुकले की तुम्ही रागवायच्या नाहीत."

आईने डोळे वटारले, पण बाण सुटला होता.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं मला? हेंगला कशाला बोलावलंत?"

"टीचर म्हणाल्या पियानो बिघडला, तर आम्ही कसं म्हणणार की नाही बिघडला?" सिऊ लाय म्हणाली. तिला यात काही विशेष वाटतच नव्हतं. आणि मीही याच बेटावर जन्मले, मला कळत का नव्हतं? आमच्या बापाने उलटा शर्ट घातला तर आम्ही सगळी भावंडं शाळेत उलटे शर्ट घालून गेलो असतो. वडीलधाऱ्यांना तोंडघशी पाडायचं नाही — त्यापेक्षा पियानो मोडलेला परवडला.

मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. शू यिनला विचारलं, "तो पक्ष्यांचा तुकडा?"

तिने खांदे उडवले. "या तिन्हींमध्ये वर जावंच लागत नाही. तुम्हाला सगळं ऐकू येतं."

आणि मी तिला अंगचोर म्हटलं होतं. अमक्यांची मुलगी बघ म्हटलं होतं!

तिथेच रडले. शिकवण्या सुरू केल्यापासून विद्यार्थ्याच्या घरी पहिल्यांदा. शू यिन घाबरून पपई खात सुटली. आ-मा उठली, माझ्या पाठीत एक धपका घातला — चांगला सणसणीत — आणि म्हणाली, "माझे गुडघे गेले तेव्हा कुणी मला घराबाहेर काढलं? काठी घेतली. तू यंत्र घे. आणि पुढच्या मंगळवारी लवकर ये, पोपियाचे रोल करणार आहे."

मंगळवार, १८ जून

यंत्रं बसवली. दोन्ही कानांत. बाप रे, जग किती कलकलाट करतं! प्लास्टिकची पिशवी म्हणजे फटाके. माझी स्वतःची चप्पल मला हाका मारते. बसमध्ये एक पक्षी ओरडत होता, खिडकीतून शोधला — ड्रायव्हरचा ब्रेक.

तिओंकडे गेले. शू यिनने केस मागे सारून माझे कान नीट तपासले आणि म्हणाली, "दिसत नाहीत, टीचर. छान आहेत." मग मी पियानोपाशी बसले. अगदी उजव्या टोकाची पट्टी दाबली.

सूर होता! किती महिन्यांनी. मग शेजारची दाबली. मग तिच्या शेजारची.

भयंकर. एकही जागेवर नाही. मांजराच्या शेपटीवर पाय द्यावा तसं सगळं वरचं सप्तक. मला वाटलं यंत्रंच खोटी. शू यिनला विचारलं, हे असंच वाजतं? ती म्हणाली, "हो."

"कधीपासून?"

"हेंग अंकल पहिल्यांदा येऊन गेले तेव्हापासून. आधी बरोबर होतं."

म्हणजे चांगल्या पियानोचा आम्ही दोघांनी मिळून बट्ट्याबोळ केला. मी फर्मान सोडायचं, त्याने पिळायचं. आणि हे घर तीन वेळा दार उघडून, जेवू घालून, आम्हाला ते करू देत होतं! हसावं की रडावं कळेना. मग हसले. सिऊ लायही हसली, तोंडावर हात ठेवून. शू यिनने वरच्या पट्ट्यांवर एक लांब फराटा मारला आणि आ-माने कानात बोटं घातली.

पण हेंग. यंत्राशिवाय लावणारा हेंग. त्याला ऐकू येत नाही, आणि त्याला ते ठाऊक नाही. माझं निदान शिकवणं चाललं, बोटं दिसतात, खालचे सूर कळतात. ट्यूनरचं कानाशिवाय काय चालणार? मागे तो म्हणाला होता, गिऱ्हाइकं कमी झालीत, लोक पियानो विकताहेत म्हणून. लोक विकत नाहीत. त्याला सांगत नाहीत.

बून केंग संध्याकाळी आले, म्हणाले, समोरच्या किनाऱ्यावर बटरवर्थचा एक मुलगा आहे, यंत्राने लावतो, गुपचूप बोलावू. मी म्हटलं, थोडं थांबा. दुसऱ्याचा हात लागला की हेंगला पुढच्या वेळी किल्ली लावताच कळेल. ते म्हणाले, "बरं." या माणसाच्या तोंडात हा एकच शब्द, पण काय वजनाचा.

घरी येईपर्यंत विचार करत होते. तोंडावर सांगितलं तर मोडून पडेल. न सांगावं तर आणखी किती पियानो मारील!

बुधवार, १९ जून

हेंगला फोन केला. म्हटलं, माझे कान गेलेत, यंत्रं बसवलीत, शुक्रवारी तपासून घ्यायला जायचंय. एकटीला भीती वाटते, सोबत येशील? आणि त्या काचेच्या पेटीत बसलं की वेडगळ वाटतं, तर माझ्यानंतर तूही एकदा बस. म्हणजे मला मेलीला लाज वाटणार नाही.



हेंग म्हणाला, "संध्याकाळी जाऊ, आ-चू. सकाळी तिथे ओळखीचं कुणीतरी भेटतं. मी मागच्या वर्षी कान तपासायला गेलो, तेव्हा संध्याकाळीच गेलो होतो."