स्वॅबची खुर्ची

मुरुड,
४ एप्रिल २०२१

वर्षाराणी सिस्टरांना,
मुरुडहून सिंधुचा नमस्कार. इकडं आम्ही बरे आहोत. ज्वारी घरात आली. आमचा शिवम मोबाइलवरच्या शाळेला कंटाळलाय. फोनच केला असता, पण तुमचा आवाज ऐकला की माझं बोलणं अडतं.

वर्ष झालं, तुम्ही नर्स आणि आमचे हे टेक्निशियन, दोघं लातूरच्या एकाच कोविड सेंटरात. आधी ते कोचिंगच्या पोरांचं होस्टेल होतं, एवढंच मला ठाऊक. बाकी हे काही सांगत नाहीत. तुम्हाला सगळं सांगतात. त्र्याण्णवच्या भूकंपात हे आईचा हात धरून ढिगाऱ्याखाली होते आणि तो हात गार पडत गेला, हे बारा वर्षांच्या संसारात मला कळलं नाही. मागच्या साली हे आजारी पडले तेव्हा फोनवर तुम्ही सांगितलंत. त्या दिवशी मी जेवले नाही.

आता खरं लिहिते. यांना पुन्हा स्वॅब घ्यायला बसवलंय. समोरचा तोंड उघडतो, खोकतो, तो यांच्याच तोंडावर. मागच्या साली तिथंच लागण झाली. अजून जिना चढताना दम लागतो. साहेब स्टोअरचं काम द्यायला तयार आहेत. हे म्हणतात, "सिस्टरला एकटं टाकून जाऊ व्हय?" मी रडले, शिवमची शपथ घातली. न्हाई म्हणजे न्हाई.

माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. सांगा त्यांना.
सिंधु


मुरुड,
२ मे

सिस्टर,
तुम्ही एकदा म्हणालात आणि हे दुसऱ्या दिवशी स्टोअरला गेले. एका शब्दात! सुटले म्हणून देवापुढं दिवा लावला, पण माझी शपथ हलकी ठरली, हे विसरले नाही.

यांच्या स्वॅबच्या खुर्चीवर मग तुम्हीच बसलात. तुम्हाला ऑक्सिजन लावलाय, हे काल यांनीच सांगितलं. ड्युटी संपली की तुमच्या खिडकीबाहेर उभे असतात म्हणे. माझ्यासाठी कधी असे उभे राहिले होते का, हाच विचार आधी आला. असलं माझं मन.

दूधगाडीतून डबा पाठवतेय. मऊ भात आणि पातळ वरण. दोन घास तरी खा.

माझा माणूस सुखरूप आहे तो तुमच्या जिवावर. एवढं लिहायला सकाळपासून माझा हात उचलत नव्हता. पण बऱ्या व्हा. तुम्हाला काही झालं तर हे जन्मभर तुमचेच होऊन बसतील. जित्या बाईशी मी भांडेन, गेलेल्या बाईशी कसं भांडू?

तुमच्यावर जळणारी, तुमच्यासाठी उपास धरलेली,
सिंधु