आईच्या गळ्यातलं आयोडीन

१२ जानेवारी १९९९, आंजी

आईला आज नागपूरच्या दवाखान्यात आयोडीन पाजलं. किरणं सोडणारं! थायरॉईड त्यानं ताळ्यावर येईल म्हणे. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस वेगळ्या खोलीत झोपा. लहान लेकरं जवळ घेऊ नका." मागच्या खोलीत बाज टाकली.

४ फेब्रुवारी

पंधरा दिवस कधीच संपले. आई परवा नागपूरला तपासूनही आली. तरी मंदाकाकू तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच अडवते — "ताई, तुम्ही आत नका येऊ. ते किरणं पोळीत उतरतीन!"  आई मागच्या खोलीत परत गेली. मला इतका संताप!

११ फेब्रुवारी

कॉलेजात रसायनशास्त्राच्या झाडे सरांना विचारलं — अणूच बदलून दुसरा झाला, तर त्यानं धरलेल्या बंधाचं काय होतं? सर म्हणाले, "बंध इलेक्ट्रॉनचे. केंद्रकात काही होवो, त्यांना काय? अभ्यासक्रमात नाही ते. बस खाली." वर्ग हसला. बसले. पटलं मात्र नाही!

१३ फेब्रुवारी

सापडलं! लायब्ररीतल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात. आयोडीननं किरण सोडला की त्याच्या केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो — आणि त्याचा झेनॉन वायू होतो. आईच्या गळ्यात आयोडीन कार्बनला धरून बसलेलं असतं. झेनॉन कुणाला धरत नाही! बंध तुटला, रेणू मोडला, झेनॉन रक्तातून फुफ्फुसात आणि श्वासाबरोबर बाहेर. हा झेनॉन किरणंही सोडत नाही. किरणं सोडणारा कार्बनही असतो; त्याचा नायट्रोजन होतो तेव्हा मात्र बंध पुष्कळदा टिकतो. म्हणजे नवा अणू कोण, त्यावर सगळं!

पुस्तक सरांपुढे उघडून ठेवलं. दोनदा वाचलं त्यांनी. म्हणाले, "परीक्षेत लिहू नकोस." चुकलो म्हणाले नाहीत. न म्हणोत!

२ एप्रिल

ऐंशी दिवस झाले. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं — दहा वेळा निम्मं झालं. हजारातला एक भागही उरला नाही. परवा काकूच्या लेकीची, अंजूची हळद आहे आणि काकू म्हणते, "ताईनं हळदीले हात लावायचा नाई."

"काकू, ते संपलं. त्याची हवा झाली अन् गेली."

"हवा? म्हणजे घरभर पसरलं!"

डोकं आपटावं कुठं!

४ एप्रिल

सगळ्या बायांदेखत आईचा हात धरला आणि तिला अंजूसमोर नेऊन बसवलं.

"सुरभी, बाजूले कर तिले!" काकू ओरडली.

"नाई करत! दोन महिने झाले, मी आईच्याच ताटात जेवून राह्यली. मले काय झालं?"

 मग अंजूनंच गाल पुढे केला. "मोठ्याई, लाव."

आईनं दोन बोटांनी हळद लावली. काकूनं तोंड फिरवलं, पण उठून गेली नाही.

जिंकले!

७ एप्रिल

आज काकू स्वतः मागच्या खोलीत आली. "चला ताई, चूल तुमचीच आहे." आईचा चेहरा पडला. काकू गेल्यावर म्हणाली, "डॉक्टरनं मले फेब्रुवारीतच सांगितलं होतं, आता धोका नाई म्हणून. मीच घरी नाई सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मले कोणी कामाले हाका मारून नाई राह्यलं होतं, सुरभी."